विभागीय रोबोटिक्स स्पर्धा: टेबलापासून निकालापर्यंत कोणत्या क्रमाने काय करायचं

नागपूर आणि आसपासच्या शाळांचे संघ तयार करताना मला दरवर्षी तीच चूक दिसते. मुलं हुशार असतात, शिक्षक जीव तोडून मेहनत घेतात, पालक सुट्टीच्या दिवशीही पोरांना शाळेत आणून सोडतात. पण कामाचा क्रम उलटा असतो. किट आलं की पहिल्याच दिवशी रोबोट बांधायला घेतात, रूलबुक दिवाळीनंतर उघडतात आणि प्रोजेक्टचा विचार स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात करतात. म्हणून हा लेख.

इथे मी फर्स्ट लेगो लीगच्या, म्हणजे लेगोच्या भागांनी रोबोट बांधून उतरायच्या शालेय स्पर्धेच्या, 'चॅलेंज' गटाबद्दल लिहितो आहे. आपल्याकडे ९ ते १६ वर्षांची मुलं या गटात उतरतात. नियम दरवर्षी थोडे बदलतात. खालचे आकडे २०२५-२६ च्या मोसमापर्यंतचे आहेत, तेव्हा तुमच्या वर्षाचं रूलबुक शेजारी ठेवूनच वाचा.

## टप्पा १ : गुण कशाला मिळतात ते आधी समजून घ्या

स्पर्धेचे चार भाग असतात: रोबोट गेम (टेबलावर रोबोटकडून ठरलेली कामं, म्हणजे 'मिशन', करवून घेणं), रोबोट डिझाइन (रोबोट कसा घडवला ते), इनोव्हेशन प्रोजेक्ट (त्या वर्षीच्या विषयातली समस्या शोधून सोडवणं) आणि कोअर व्हॅल्यूज (संघाने जपायची मूल्यं). चारही भागांचं वजन सारखं, प्रत्येकी २५ टक्के. प्रेक्षकांना फक्त टेबलावरचा रोबोट गेम दिसतो, त्यामुळे घरी जाऊन सगळे त्याबद्दलच बोलतात. पण तो एकूण निकालाचा चौथा हिस्सा आहे. उरलेले तीन हिस्से एका बंद खोलीत, सुमारे अर्ध्या तासात ठरतात. तिथे प्रोजेक्ट मांडायला ५ मिनिटं आणि त्यावर प्रश्नांना ५, रोबोट डिझाइन समजावायला ५ आणि प्रश्नांना ५, मग संघ म्हणून कसं काम केलं यावर बोलणं आणि शेवटी जजांचा अभिप्राय.

जज मनात येईल तसे गुण देत नाहीत. त्यांच्या हातात रुब्रिक असतं, म्हणजे प्रत्येक मुद्द्यासमोर १ ते ४ अशा पायऱ्या असलेला तक्ता. प्रोजेक्ट आणि डिझाइन दोन्हींसाठी पाच मथळे ठरलेले असतात: समस्या ओळखणं, आराखडा करणं, तयार करणं, सुधारत जाणं आणि समजावून सांगणं. हे रुब्रिक सगळ्यांना आधीपासून उघड असतं. तरी कितीतरी संघ ते पहिल्यांदा पाहतात तेव्हा ते भरून परत हातात आलेलं असतं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण ही तर आधीच मिळालेली प्रश्नपत्रिका आहे.

तपासा : रुब्रिक आणि रूलबुक छापून भिंतीवर लावलंय का? संघातल्या कोणत्याही मुलाला 'चार भाग कोणते?' असं विचारलं तर तो सांगतो का? सांगत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : संघ आणि कॅलेंडर

एका संघात जास्तीत जास्त १० मुलं. माझ्या अनुभवात सहा ते आठ बरी. दहा झाली की दोघं-तिघं नुसती बघत उभी राहतात, आणि चारच असली तर एकाला ताप आला की काम अडतं.

विषय साधारण ऑगस्टच्या सुरुवातीला जाहीर होतो आणि विभागीय फेरी थंडीच्या दिवसांत येते. म्हणजे कागदावर चार-पाच महिने दिसतात. पण आपल्याकडचं कॅलेंडर समोर घेऊन मोजा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. मग पोळा, गणपती, घटक चाचण्या, सहामाही, दिवाळीची सुट्टी. हे सगळं वजा केलं की हातात कामाचे पन्नास-साठ दिवसच उरतात, तेही रोज दीड-दोन तासांचे. दिवाळीच्या सुट्टीत मुलं गावाला जाणार हे गृहीत धरूनच आखणी करा.

माझी विभागणी अशी असते. ऑगस्टमध्ये टेबल, रूलबुक आणि प्रोजेक्टची समस्या शोधणं. सप्टेंबरमध्ये रोबोटचा मूळ सांगाडा आणि तज्ज्ञांच्या भेटी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अटॅचमेंट (रोबोटला लावायचे-काढायचे हात), प्रोग्राम आणि प्रोजेक्टचं मॉडेल. शेवटचे तीन आठवडे फक्त सराव. दोन्ही कामं पहिल्या आठवड्यापासून बरोबरीने चालली पाहिजेत. 'आधी रोबोट संपवू, मग प्रोजेक्ट बघू' म्हणणाऱ्या संघाचा रोबोट कधीच संपत नाही.

## टप्पा ३ : टेबल

या टप्प्यावर मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त गुण इथे जातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

खेळाच्या टेबलाचं आतलं माप २३६२ मिलिमीटर बाय ११४३ मिलिमीटर. बाजारात मिळणारा प्लाय आठ बाय चार फुटांचा, म्हणजे साधारण २४४० बाय १२२० मिलिमीटर. दोन्हींतला फरक अनुक्रमे ७८ आणि ७७ मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे ३८ मिलिमीटर जाडीची, आपल्या भाषेत दीड इंची पट्टी प्लायच्या वर, कडेला लावून ठोकली की आतलं माप बरोबर येतं.

पण सुताराला नुसतं 'चारी बाजूंनी पट्टी मार' म्हटलं तर तो ती प्लायच्या बाहेरून मारतो. त्याच्या दृष्टीने तेच स्वच्छ काम. मग आतली जागा लांबी-रुंदीत जवळजवळ आठ-आठ सेंटिमीटर वाढते. माझ्या पहिल्या संघाचं हेच झालं. लकडगंजहून प्लाय आणला, आरामशीनवर पट्ट्या कापून घेतल्या आणि बाहेरून ठोकल्या. चार महिने मुलं त्या टेबलावर खेळली. रोबोट मागच्या भिंतीला टेकून सरळ व्हायचा, तिथून वळायचा आणि दहापैकी नऊ वेळा मिशन करायचा. स्पर्धेच्या टेबलावर तोच रोबोट तोच प्रोग्राम चालवत मिशनच्या लेगो मॉडेलपासून चार बोटं लांब जाऊन थांबला, आणि पुढच्या दोन सामन्यांतही तसाच थांबला. मुलं एकमेकांकडे बघत राहिली. चूक त्यांची नव्हती, माझी होती. सुताराकडे टेप घेऊन मी गेलो नव्हतो.

म्हणून क्रम असा ठेवा:

१. सुताराला कागदावर आकृती काढून द्या आणि माप 'आतून आतून' असं लिहा. पट्टीची उंची साधारण तीन इंच.

२. प्लाय १८ किंवा १९ मिलिमीटरचा घ्या. पातळ प्लाय मधोमध झोळ पकडतो. खाली निदान दोन आडवे आधार द्या.

३. टेबल बाकांवर ठेवल्यावर पाणसळ लावून लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर बघा. बाकाच्या पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या घाला, पण उतार राहू देऊ नका.

४. पृष्ठभागावर पॉलिशपेपर फिरवा आणि हात फिरवून बघा. खिळ्याचं डोकं किंवा फास मॅटखाली (टेबलावर अंथरायच्या खेळाच्या छापील पटाखाली) राहिली तर चाक तिथेच उडतं.

५. मॅट टेबलाच्या आतल्या मापापेक्षा जराशी लहान असते. ती मुलं उभी राहतात त्या बाजूच्या भिंतीला पूर्ण चिकटवा आणि डाव्या-उजव्या बाजूला सारखी जागा सोडा. समोरच्या भिंतीशी फट राहते, ती तशीच राहू द्या.

६. मॅटची घडी कधीच घालू नका. गुंडाळलेली आली असेल तर दोन-तीन दिवस सपाट पसरून ठेवा. तिच्यावर इस्त्री फिरवू नका.

७. मिशन मॉडेल पुस्तिकेप्रमाणे बांधा आणि ड्युअल लॉकच्या (एकमेकांत अडकणाऱ्या चिकट पट्टीच्या) चौकोनांनी ठरलेल्या जागीच पक्की करा. मॉडेलमधला एक पिन चुकीच्या भोकात गेला तर सराव चुकीच्या वस्तूवर होतो. बांधणाऱ्या मुलाने नाही, दुसऱ्याच मुलाने पुस्तिकेशी ताडून बघायचं.

सावध : शेजारच्या शाळेचं टेबल बघून नक्कल करू नका. त्यांचं माप चुकलेलं असू शकतं. टेप लावा.

## टप्पा ४ : रूलबुक वाचणं आणि मिशन निवडणं

सामना अडीच मिनिटांचा, म्हणजे १५० सेकंद. रोबोट स्वतःच्या प्रोग्रामवर चालतो, रिमोट चालत नाही. एका सामन्यात एकच कंट्रोलर (रोबोटचा मेंदू, म्हणजे हब) आणि जास्तीत जास्त चार मोटर. सेन्सर टच, कलर, डिस्टन्स आणि जायरो (वळण्याचा कोन मोजणारा) याच प्रकारांचे, संख्येला मर्यादा नाही. भाग सगळे लेगोचेच आणि मूळ अवस्थेतले. डिंक, चिकटपट्टी, रंग यांतलं काहीच चालत नाही.

रूलबुक मुलांनी मोठ्याने वाचावं आणि प्रत्येक नियम टेबलावर हाताने करून दाखवावा. 'पूर्ण आत' आणि 'थोडं आत' यांतला फरक वाचून कळत नाही, मॉडेल रेषेवर ठेवून वरून बघितलं की कळतो.

तीन गोष्टी मुलं हमखास चुकतात. पहिली, गुण बहुतेक मिशनसाठी सामना संपतो त्या क्षणी जे दिसतं त्यावर मिळतात. विसाव्या सेकंदाला सरळ केलेली दांडी परत येताना रोबोटच्याच धक्क्याने पडली तर ते मिशन झालंच नाही. दुसरी, काही मिशनमध्ये शेवटी तुमचं कोणतंही साहित्य मॉडेलला टेकलेलं चालत नाही, त्याची खूण मिशनच्या पानावर असते. तिसरी, मोसम चालू असताना नियमांचे खुलासे निघत राहतात. त्यांना चॅलेंज अपडेट म्हणतात आणि ते रूलबुकच्या वर असतात. दर शनिवारी ते बघण्याचं काम एका मुलाला नेमून द्या.

प्रिसिजन टोकनचा, म्हणजे रोबोटला मध्येच हात लावला की एकेक कमी होणाऱ्या चकत्यांचा, हिशेब पाठच हवा. सुरुवातीला सहा टोकन असतात. रोबोट पूर्ण होममध्ये (मुलांना रोबोट हाताळायची मोकळीक असलेल्या जागेत) येण्याआधी हात लावला की एक जातं. सहा किंवा पाच उरली तर ५० गुण, चार उरली तर ३५, तीनला २५, दोनला १५, एकाला १०. म्हणजे पहिला हात फुकट असतो आणि दुसऱ्याला १५ गुण जातात. रोबोट अडकला की उचलायचा का, हा निर्णय त्या क्षणी नाही, आधीच घेऊन ठेवायचा. सामन्याआधीच्या तपासणीत सगळं साहित्य एका लाँच एरियात (रोबोट जिथून सुटतो त्या आखलेल्या जागेत) आणि ३०५ मिलिमीटर उंचीच्या आत मावलं तर २० गुण मिळतात. हे गुण सोडणारे संघ बघितले की जीव हळहळतो. अटॅचमेंट बांधतानाच पुठ्ठ्यावर लाँच एरियाचा आकार कापून घ्या आणि रोज सरावाआधी सगळं त्यात ठेवून बघा.

आता निवड. सगळी मिशन करायची नाहीत. एका कागदावर प्रत्येक मिशनचे गुण, होमपासूनचं अंतर आणि लागणारी हालचाल लिहा: ढकलणं, ओढणं, उचलणं, फिरवणं. जवळची, ढकलण्याची मिशन आधी. शेजारशेजारची मिशन एकाच फेरीत, म्हणजे होममधून निघून परत येण्याच्या एका खेपेत, बांधा. नव्या संघाने चार-पाच फेऱ्यांपेक्षा जास्त ठेवू नयेत. पाच फेऱ्या म्हणजे मध्ये चार वेळा अटॅचमेंट बदलणं. प्रत्येकी आठ सेकंद धरले तर ३२ सेकंद त्यातच गेले आणि रोबोटला उरले ११८.

## टप्पा ५ : आधी सांगाडा, मग हात, मग प्रोग्राम

सांगाडा म्हणजे चाकं, दोन ड्राइव्ह मोटर, कंट्रोलर आणि सेन्सर. तो तयार झाला की त्याला मिशनचं नावही काढू द्यायचं नाही. आधी दोनच परीक्षा. एक मीटर सरळ चालवून किती बाजूला सरकतो ते दहा वेळा मोजा. मग जागेवर ९० अंशात चार वेळा वळवून मूळ दिशेला येतो का बघा. इथे पास झाला नाही तर चाकं सैल आहेत, वजन एका बाजूला आहे किंवा धुरा वाकला आहे. हे प्रोग्राम बदलून झाकायचा प्रयत्न करू नका. पुढच्या आठवड्यात तेच दुखणं दुसरीकडून वर येतं.

टायरवर धूळ बसली की घसरण वाढते, आणि आपल्या शाळांच्या वर्गांत धुळीला तोटा नाही. आमच्या संघात सातवीतल्या एका मुलीने स्वतःहून नियम केला होता: प्रत्येक फेरीआधी ओलसर सुती कापड, मग कोरडं कापड, आणि मग चाक बोटाने एकदा फिरवून केस-धागा अडकलाय का बघणं. तिने वहीत आकडे ठेवले होते. पुसलेल्या चाकांनी दहा फेऱ्यांत रोबोट दोन सेंटिमीटरच्या आत थांबायचा, न पुसलेल्यांनी कधी कधी पाच सेंटिमीटर हुकायचा. ती वही जजांनी हातात घेऊन वाचली.

अटॅचमेंट दोन पिनांत बसणारी आणि एका हाताने निघणारी करा. मोटरने चालणारीच असावी असं नाही. रबरबँडची किंवा नुसती तिरकी दांडी अनेकदा जास्त भरवशाची असते.

प्रोग्रामबाबत माझा आग्रह एकच: नुसत्या अंतरावर विसंबू नका. रोबोटला वाटेत 'मी कुठे आहे' हे कळण्याची जागा द्या. भिंतीला टेकून सरळ होणं, मॅटवरची काळी रेषा कलर सेन्सरने पकडणं, मॉडेलच्या कडेला घासत जाणं, यांतलं काहीतरी प्रत्येक लांब फेरीत हवंच. जायरो वापरत असाल तर फेरी सुरू होताना कोन शून्य करा आणि त्या क्षणी रोबोट हलू देऊ नका. घाईत रोबोट हातात धरूनच बटण दाबलं की पहिलं वळणच तिरकं जातं.

कलर सेन्सर मॅटपासून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर ठेवा आणि चारी बाजूंनी लेगोच्या विटांची भिंत करा. दुपारी खिडकीतून तिरकं ऊन टेबलावर आलं की उघड्या सेन्सरला पांढरं-काळं कळेनासं होतं. तुमच्या वर्गात ऊन येत नसेल तर टॉर्च मारून बघा.

भरवसा किती हवा याचं गणित मुलांकडूनच करवून घ्या. एक फेरी दहातून आठ वेळा जमते म्हटल्यावर सगळे खूश होतात. पण अशा सहा फेऱ्या एकाच सामन्यात लागोपाठ जमण्याची शक्यता ०.८ चा सहावा घात, म्हणजे सुमारे ०.२६. चार सामन्यांतून एकदा. आणि तुम्हाला अधिकृत सामने साधारण तीनच मिळतात. हीच फेरी वीसातून एकोणीस वेळा जमू लागली तर आकडा ०.७४ वर जातो. म्हणून नवी सातवी फेरी जोडण्याआधी जुन्या सहा पक्क्या करा.

तपासा : प्रत्येक फेरी सलग दहा वेळा चालवून वहीत बरोबर-चूक लिहिलंय का? 'काल जमलं होतं' ही नोंद नव्हे.

## टप्पा ६ : इनोव्हेशन प्रोजेक्ट

इथली सर्वात मोठी चूक म्हणजे उत्तर आधी ठरवणं. 'आपण ड्रोन करू', 'आपण ॲप करू' असं ठरतं आणि मग त्याला शोभेल अशी समस्या शोधली जाते. जजांना हे दुसऱ्या प्रश्नात कळतं.

२०२५-२६ चा विषय पुरातत्त्वाचा होता: पुरातत्त्वज्ञांना काम करताना येणारी एखादी अडचण शोधा आणि सोडवा. नागपूरच्या मुलांसाठी हा विषय दाराशी होता. काटोल रोडला जुनापाणीची शिळावर्तुळं आहेत, रामटेकच्या वाटेवर मनसरचं उत्खनन स्थळ आहे, शहरात अजब बंगला म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय आहे, विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व विभाग आहे. तरी मी अशी सादरीकरणं पाहिली ज्यांत सगळं पिरॅमिडबद्दलच होतं. त्याआधी २०२२-२३ ला विषय ऊर्जेचा होता आणि कोराडीच्या वीज केंद्राची धुरांडी शाळेच्या गच्चीवरून दिसत असताना मुलांनी परदेशातल्या पवनचक्क्या निवडल्या. जवळची समस्या निवडली की मुलं तिथे जाऊ शकतात, हात लावू शकतात, माणसांशी बोलू शकतात. रुब्रिकमध्ये गुण याच गोष्टींना आहेत.

क्रम असा: आधी प्रत्यक्ष जागा बघणं, मग तिथे काम करणाऱ्या निदान दोन माणसांशी बोलणं, मग समस्या एका वाक्यात लिहिणं, मग त्यावर आज काय उपाय आहेत ते शोधणं, आणि त्यानंतर आपला उपाय. पहिलं मॉडेल पुठ्ठ्याचंच करा. ते परत त्याच माणसांना दाखवा, ती काय म्हणाली ते तारखेसह लिहा आणि त्यानुसार काय बदललं तेही लिहा. 'सुधारत जाणं' या मथळ्याचे गुण नेमके या नोंदीत असतात. चकचकीत मॉडेल एकदाच बनवून आणणाऱ्या संघाकडे सांगायला काहीच उरत नाही.

सावध : मॉडेल बाहेरून बनवून घेऊ नका. पालकांनी प्रेमाने केलेली मदतसुद्धा जजांना लगेच दिसते, कारण मुलाला जोडणी सांगता येत नाही.

## टप्पा ७ : जजिंग रूमची तयारी

कोअर व्हॅल्यूज सहा आहेत: शोध, नावीन्य, प्रभाव, समावेश, संघभावना आणि आनंद. त्यांच्यासाठी वेगळं भाषण लागत नाही. प्रोजेक्ट आणि रोबोटबद्दल बोलतानाच ती दिसावी लागतात. कुणाचं चुकलं तर दुसरा त्याला तोडतो की सांभाळून घेतो, एकच मुलगा सगळं बोलतो का, हे जज बघत असतात. प्रत्येक सामन्यातही रेफरी मुलांच्या वागण्याला २, ३ किंवा ४ असे गुण देतात आणि तेही याच भागात मिळवले जातात.

पाठांतर करून घेऊ नका. एकदा आमच्या संघातल्या मुलीने इंग्रजीत तीन मिनिटं अस्खलित म्हणून दाखवलं. मग जजांनी साधं विचारलं, 'हे मागचं चाक लहान का आहे?' ती गप्प झाली. त्या चाकासाठी तिने दोन शनिवार घालवले होते. मराठीत विचारलं असतं तर दहा मिनिटं बोलली असती. तेव्हापासून मी आयोजकांना आधीच विचारून घेतो की जजांना कोणकोणत्या भाषा समजतात, आणि मुलांना सांगतो, शब्द अडला तर तुमच्या भाषेत सांगा, पण थांबू नका.

सराव अनोळखी माणसासमोर करा. दुसऱ्या वर्गाच्या शिक्षिका, एखाद्याचे आजोबा, शेजारचे काका, कुणीही चालतील. त्यांना सांगा, प्रत्येक उत्तरानंतर 'का?' विचारा. घड्याळ समोर ठेवा. ५ मिनिटांचं सादरीकरण साडेचारात संपलं पाहिजे. जजिंगच्या खोलीत प्रशिक्षकाला बसू दिलं तरी बोलायची परवानगी नसते, डोळ्यांनी खुणा करायचीही नाही. म्हणून सरावातच तुम्ही बाहेर जाऊन बसा.

## टप्पा ८ : शेवटचे दहा दिवस

या दहा दिवसांत नवीन काही नाही. नवी मिशन नाहीत, नवी अटॅचमेंट नाही, हबचं फर्मवेअर अपडेट तर अजिबात नाही. रोज तीन पूर्ण सामने, १५० सेकंदांचे, टेबलाशी उभी राहणारी तीच मुलं घेऊन. टेबलाशी एका वेळी चारच जण, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे. कोण कोणती अटॅचमेंट देणार, कोण बसवणार, कोण बटण दाबणार हे बोलता न बोलता झालं पाहिजे. एकदा मुद्दाम गोंगाट करा. वर्गमित्रांना बोलवा, ओरडायला सांगा. हॉलमध्ये तसंच असणार आहे.

प्रत्येक अटॅचमेंटचे चारी बाजूंनी फोटो काढून छापून ठेवा. प्रवासात काही सुटलं तर आठवणीवर जोडायचं नाही. प्रोग्राम दोन लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर. हबला संघाचं नाव द्या. एका हॉलमध्ये वीस हब सुरू असतात आणि सगळ्यांची नावं सारखी असली तर कुणाचा लॅपटॉप कुणाच्या हबला जोडला जाईल सांगता येत नाही. प्रोग्राम केबलनेच टाका आणि सामन्याच्या जागी ब्लूटूथ बंद ठेवा.

## टप्पा ९ : स्पर्धेचा दिवस

गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळकडून येणाऱ्या संघांनी शक्यतो आदल्या संध्याकाळी नागपुरात पोचावं. पहाटेच्या एसटीने थंडीत येऊन नऊ वाजता जजांसमोर उभं राहणं मुलांना जड जातं. रोबोट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, खाली स्पंज घालून, मांडीवर. डिकीत नको.

पोचल्यावर क्रम असा. नोंदणी, संमतीपत्रं, मग पिटमध्ये (संघांच्या तयारीच्या जागेत) आपलं टेबल. आपला एक्स्टेंशन बोर्ड काढून हब चार्जिंगला लावा. त्यानंतर दिवसाचं वेळापत्रक घ्या. त्यात जजिंगची एक आणि सामन्यांच्या तीन वेळा असतात. त्या मोठ्या अक्षरात लिहून टेबलावर चिकटवा आणि एका मुलाकडे घड्याळ द्या. प्रत्येक वेळेच्या दहा मिनिटं आधी रांगेत.

सरावाचं टेबल मिळालं की लगेच मिशन चालवू नका. आधी टेप काढून मॅट कोणत्या भिंतीला टेकली आहे, बाजूची जागा सारखी आहे का, मॉडेल नीट बसली आहेत का हे बघा. मग काळ्या-पांढऱ्यावर कलर सेन्सरचे आकडे वाचा. मग सगळ्यात लांब फेरी एकदा, सगळ्यात जवळची एकदा. बस.

अधिकृत सामन्याआधी मॉडेलची मांडणी चुकलेली वाटली तर बझरच्या आधीच रेफरीला सांगा, आणि सांगायचं मुलांनी. समोरच्या टेबलावरचा संघ तुमच्या विरुद्ध खेळत नाही, तो त्याच्या टेबलावर त्याचं काम करतो. हात मिळवा, शुभेच्छा द्या.

सामना संपला की कोणीही कशालाच हात लावायचा नाही. रेफरी एकेक मिशन बघत गुण लिहितात, तेव्हा शांतपणे सोबत उभं राहायचं. एखादा गुण पटला नाही तर तेव्हाच, टेबल आवरण्याआधी, रूलबुकातलं वाक्य दाखवून विचारायचं. गुणपत्रिकेला संमती दिल्यानंतर विषय संपला. प्रशिक्षक आणि पालक दोरीच्या बाहेरच. मुलांची बाजू मुलांनीच मांडायची.

तीनपैकी सर्वोत्तम सामन्याचे गुण धरतात. पहिला सामना बिघडला तर मुलांना आधी पाणी द्या, पोहे-चिवडा खाऊ द्या, मग वही उघडा. कुठे बिघडलं ते एकच ठिकाण शोधा आणि तेवढंच दुरुस्त करा. दोन सामन्यांमध्ये घाबरून तीन प्रोग्राम बदलणारा संघ तिसऱ्या सामन्यात आणखी खाली जातो.

तपासा (प्रत्येक सामन्याआधी) : चार्ज, चाकं पुसली, अटॅचमेंट मोजल्या, पहिला प्रोग्राम निवडला, केबल घट्ट.

## टप्पा १० : निकालानंतर

जजांनी भरलेली रुब्रिक संघाला मिळतात. ती घरी जाताना बसमध्येच मुलांनी वाचावी, कारण प्रत्येक प्रश्न तेव्हा ताजा आठवतो. कोणत्या मथळ्यावर १ किंवा २ आले आणि जजांनी काय विचारलं होतं, हे त्याच दिवशी वहीत.

पुढच्या फेरीसाठी निवड झाली असेल तर रोबोट तसाच ठेवा. आनंदात तो शाळेत सगळ्यांच्या हातात फिरतो आणि एखादा पिन कायमचा हरवतो. निवड झाली नसेल तर मिशन मॉडेल सोडवण्याआधी पाचवी-सहावीच्या मुलांना बोलवा आणि याच संघाला त्यांना एक पूर्ण सामना खेळवून दाखवू द्या. मग टेबल सोडवा. प्रत्येक पट्टीवर आतल्या बाजूने डावी, उजवी, जवळची, लांबची असं मार्करने लिहा, आणि प्लायच्या पाठीवर मोठ्या आकड्यांत '२३६२ × ११४३, आतून आतून' लिहून मगच तो भिंतीला टेकवून ठेवा.